कोपराच्या आत, दोन दिवस

आमच्या काकाजींच्या दुकानातून एखादी वस्तू विकत घेऊन बाहेर पडणं सोपं नव्हतं. हातात पैसे आहेत, वस्तू समोर मांडलेली आहे, म्हणून ती मिळेलच असं नाही. आधी विचारपूस. "कोणासाठी पाहिजे?" "याच्या आधी लावली होती का?" "लावल्यावर खाजलं होतं का? खरं सांगा, लाजू नका." एखादी बाई पहिल्यांदा आलेली असली तर तिला वाटायचं, आपण चुकून दवाखान्यात शिरलो.

दुकान नागपूरला महालातल्या एका गल्लीत होतं. बायकांच्या वस्तूंचं. कुंकू, आलता, बांगड्या, गिलटाची कानातली, पावडर, बाम, केसांचा काळा रंग. दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, तिथं आम्ही भाड्यानं राहत होतो. मी, आमचे हे, सासूबाई आणि माझी धाकटी नणंद बेबी. हे हिंगण्याच्या कारखान्यात होते, सकाळी कंपनीची बस चौकात यायची. त्यानंतर दिवसभर आमचं जग म्हणजे खालचं दुकान.

काकाजी म्हणजे घरमालक. सगळी गल्ली त्यांना काकाजीच म्हणायची, म्हणून मीही तेवढंच म्हणते. दुकानावर नावाची पाटी नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पाटी काहून पाहिजे? दुकान दिसून राहिलं ना?" पण गंमत बघा, दुकानावर पाटी नाही आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी! जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीचे दोन बोटं रुंद तुकडे कापायचे, त्यावर लिहायचं आणि मैद्याच्या खळीनं डबीवर, पाकिटावर, बाटलीवर चिकटवायचं. कानातल्यांच्या पुठ्ठ्यावर: "गिलट आहे. कानाची पाळी लाल झाली तर घालू नये." बामच्या डबीवर: "डोळ्यांपासून लांब. कातडीला सोसतो का, आधी पाहावे." आणि केसांच्या रंगावर तर सगळ्यात लांब चिठ्ठी. तिचा शेवट ठरलेला: "आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस थांबावे."

कोपराच्या आत, दोन दिवस. हा त्यांचा मंत्र होता म्हणा ना.

ते म्हणायचे, "चामडी बोलते, पण हळू बोलते. माणूस ऐकाले थांबत नाही."

या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली. एकदा दूधवाल्यासाठी दारावर कागद लावला होता, "आज एक पाव जास्त ठेवा, पाहुणे आहेत." काकाजी जिन्यावरून जाताना थांबले. दोनदा वाचला आणि आवाज दिला.

"सूनबाई, हे अक्षर कोणाचं?"

मी घाबरले. म्हटलं, दाराला खळ लागली म्हणून रागावतात की काय. "माझं आहे काकाजी. काढते."

"काढता काहून? वाचून कळते! माझं लिहिलेलं मलेच कळत नाही. उद्यापासून खाली बसत जा."

तेव्हापासून दुपारचे दोन तास मी खाली. मी लिहायची, काकाजींची बायको, म्हणजे आमच्या काकू, चिकटवायच्या. काकाजी सांगायचे आणि मग मी लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावायचे. "वाचून बाईनं हात थांबवला पाहिजे. पण भिऊन पळाली नाही पाहिजे. दोन्ही जमलं पाहिजे." मी म्हणायची, "दोन बोटांच्या कागदात एवढं कुठून जमायचं?" तर म्हणायचे, "म्हणून तर तुले बसवलं."

केसांच्या रंगाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक गृहस्थ आले, मिशीला पीळ, केस पिकलेले. लेकीचं लग्न होतं.

"काळा रंग द्या."

"लग्न कधी हाय?"

"परवा."

"मग नाही मिळणार."

"अहो, नाही मिळणार म्हणजे? तो काय ठेवलेला आहे!"

"हाय ना. तीन दिवसांआधी येते तर देतो. परवा मांडवात तुमचं तोंड भोपळ्यावानी सुजलं, तर व्याही कोणाले भेटतील?"

गृहस्थ तणतणत गेले आणि दुसऱ्या दुकानातून रंग घेतला. चार दिवसांनी मुद्दाम आले, कुळकुळीत केस घेऊन. "पाहा काकाजी! काही झालं नाही!" मला वाटलं, आता काकाजींची चांगलीच जिरली. कुठलं काय! काकाजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. "वा! तुमाले चालते! थांबा, लिहून ठेवतो." आणि वही काढली. त्या वहीत गल्लीतल्या लोकांची नावं आणि कोणाला काय सोसतं, काय सोसत नाही, याची टिपणं होती. वर्षं लोटल्यावर बाया येऊन विचारायच्या, "काकाजी, मले कोणता बाम चालत नाही व्हो?" आणि ते वही उघडून सांगायचे.

आता माझ्या नातीच्या केसांच्या रंगाच्या खोक्यावर तेच लिहिलेलं असतं. अठ्ठेचाळीस तास आधी लावून बघा. पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. काकाजींनी ते खोकं परत पाठवलं असतं.

कंपन्यांचे एजंट त्यांच्यावर भारी चिडायचे. एकजण तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "तुम्ही आमचा माल विकता की बदनाम करता?" काकाजींचं लक्ष त्याच्या मनगटाकडे. म्हणाले, "घड्याळ काढा." तो गोंधळला. "काढा म्हणतो ना." घड्याळ काढलं तर पट्ट्याखाली लालभडक, खाजवून खाजवून सोललेलं. "किती दिवस झाले?" एजंटाचा आवाज एकदम खाली आला. "उन्हाळ्यापासून आहे जी. घामोळ्या असतील." "घामोळ्या फक्त घड्याळाखाली येतात का? पट्टा बदला, कापडी घ्या." पुढच्या खेपेला तो कापडी पट्टा लावून आला, आणि चिठ्ठ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

काकाजी नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाहीचा सदरा घालायचे, मनगटाशी गुंडी लावून. नवीन माल आला की तो आधी त्यांच्या डाव्या हातावर, बाहीच्या आत कुठंतरी लागायचा, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण तो हात काकूंशिवाय कोणी पाहिला नव्हता.

आता काकूंबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी जोडलेलं आहे.

काकूंचं कपाळ कोरं होतं. नवरा शेजारी बसलेला, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या, आणि कपाळ कोरं. पन्नास रंगांचं कुंकू विकायच्या, स्वतः लावायच्या नाहीत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांना कुंकवानं खाज सुटली, मग कपाळ चिघळलं. त्या तशाच चिघळलेल्या कपाळावर वर्षभर रोज कुंकू लावत राहिल्या. सवाष्ण बाई, काढणार कशी? शेवटी एक दिवस काकाजींनीच खोबरेल तेलाचं बोट घेऊन ते पुसलं. दुकानातलंच कुंकू होतं ते, त्यांनीच आणून दिलेलं. चिठ्ठ्या तेव्हापासून सुरू झाल्या.

गल्लीनं काय काय म्हटलं असेल! "नवरा जिता असून बायकोचं कुंकू पुसलं." नवीन गिऱ्हाईक काकूंकडे पाहून कसनुसं व्हायचं, तेव्हा काकू स्वतःच म्हणायच्या, "माहे मालक मागं बसले हायेत. पाहून घ्या. बोलतेही." पण हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलवत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

चिकटणाऱ्या टिकल्या तेव्हा नव्यानं आल्या होत्या. पाठीमागे गोंद लावलेल्या, तयार. बायका नुसत्या वेड्या झाल्या होत्या. ना पुसायची भीती, ना घामानं ओघळायची. काकाजींनी पाकिटं आणली, महिनाभर दुकानात मांडली नाहीत, मग मला चिठ्ठी सांगितली: "या टिकलीच्या गोंदाने कपाळास खाज सुटल्यास त्वरित काढावी. न काढल्यास पांढरा डाग पडू शकतो."

मी विचारलं, "पांढरा डाग? खरंच?"

"लिही तू."

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वाण म्हणून टिकल्यांची पाकिटं द्यायचं मी ठरवलं. पाकिटं घ्यायला खाली गेले, तर काकूंनी स्वतः निवडून दिली. "गोल घे वं. लांबट तुह्या सासूले आवडत नाही." त्यांना ठाऊक होतं की वर हळदीकुंकू आहे आणि त्यांना बोलावणं नाही. तरी एकएक पाकीट उजेडाला धरून पाहत होत्या, फाटकं जाऊ नये म्हणून.

आणि वर आल्यावर मी काय केलं? ओल्या फडक्यानं सगळ्या चिठ्ठ्या काढल्या.

तुम्ही म्हणाल, स्वतः लिहिलेल्या? हो, स्वतः लिहिलेल्या. पण सवाष्णीच्या ओटीत "न काढल्यास पांढरा डाग" असं लिहिलेलं कसं घालायचं? सणाच्या दिवशी? मला अशुभ वाटलं. टाकवल्याही नाहीत, आपलं अक्षर होतं. वाळवून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या.

एक पाकीट बेबीनं घेतलं.

बेबीचं लग्न ठरलेलं होतं. काटोलची मंडळी, संत्र्याची बाग, मुलगा शांत स्वभावाचा. वैशाखातली तारीख काढली होती. बेबीला मरून रंगाची टिकली इतकी आवडली की रात्री झोपतानाही काढायची नाही. होळीपर्यंत कपाळ खाजायला लागलं. पाडव्याला टिकलीखाली फिकट गोल दिसायला लागला. आणि ती पोर घाबरून काय करत होती? तो गोल झाकायला त्याच्याहून मोठी टिकली लावत होती. डाग वाढला की टिकली वाढायची. आम्ही म्हणत होतो, बेबीला आजकाल मोठी टिकली शोभून दिसते.

मग एका दुपारी काटोलच्या होणाऱ्या विहीणबाई लुगड्यांच्या खरेदीसाठी आल्या. त्या आल्या तेव्हा बेबी तोंड धुऊन मोरीतून बाहेर येत होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा डाग. विहीणबाईंनी पाहिलं. चहा ठेवला होता, तो न घेता उठल्या. दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, "पोरीले कोड हाय. तुम्ही आमच्यापासून लपवलं."

सासूबाईंनी अंथरूण धरलं. बेबी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. मोठ्या दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गोंदामुळे झालं आहे, टिकली पूर्ण बंद करा, काही महिन्यांत भरून येईल, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. तो कागद ह्यांनी काटोलला नेला. त्यांनी परत केला. डॉक्टरचा कागद काय, कोणीही आणेल.

मी खाली गेले नाही आठ दिवस. नवव्या दिवशी काकाजी वर आमच्या खोलीत आले, आयुष्यात पहिल्यांदा. बेबीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, कपाळ नीट पाहिलं, आणि म्हणाले, "उद्या सकाळच्या एस.टी.नं काटोलले जाऊ. सूनबाई, तूही चल. काकूही येईल."

काटोलच्या त्या घरात ओसरीवर संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या. विहीणबाईंनी पाणी दिलं, पण बसल्या नाहीत. काकूंच्या कोऱ्या कपाळाकडे पाहून त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. म्हणाल्या, "आमचं ठरलं हाय. उगाच बोलू नका. उद्या नातवाले कोड झालं तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

काकाजी म्हणाले, "बाई, बोलत नाही. दाखवतो."

त्यांनी डाव्या मनगटाची गुंडी काढली आणि बाही वर वर गुंडाळत खांद्यापर्यंत नेली.

मी तो हात पहिल्यांदा पाहिला. कोपराच्या आतून वर जुने चट्टे, काळवंडलेले, पुसटलेले, जसा एखादा नकाशा. आणि मधोमध एका ओळीत चार पांढरे गोल. अगदी सारख्या मापाचे. टिकलीएवढे.

"हे घ्या. मलेही कोड झालं म्हणा. एक, दोन, तीन, चार. मोजून, ओळीत, टिकलीच्या मापानं. कोड कधी माप घेऊन येते का, बाई?"

विहीणबाई नकळत वाकून पाहायला लागल्या. काकाजींनी खिशातून टिकलीचं पाकीट काढलं, एक टिकली सोडवली आणि त्या गोलावर ठेवली. बरोबर बसली.

"हा पहिला, मागच्या पावसाळ्यातला. पाहा, भरत आला. कडेनं रंग येऊन राहिला. हा शेवटचा, अजून पांढरा हाय. पोरीचाही भरंल. वेळ लागंल. दिवाळीपर्यंत थांबा. आणि एक सांगतो, कोड असतं तरी पोरगी तीच असती. पण ते नाही, म्हणून मी आलो."

"मग तुमच्या दुकानात असा माल विकता काहून?" विहीणबाईंनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

"दहा जणींपैकी नऊ जणींले काही होत नाही. दहावीसाठी चिठ्ठी लावतो. या पाकिटावर ती नव्हती. माह्याकडून राहिली. चूक माही हाय, पोरीची नाही."

माझ्या कानातून वाफा निघाल्यासारखं झालं. मी सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात काकू बोलल्या. सहज, जशा गिऱ्हाइकाशी बोलायच्या तशा. "बाई, तुम्ही मघापासून माह्या कपाळाकडे पाहून राहिल्या. मले कुंकू सोसत नाही. किती वर्षं झाली, लावत नाही. आणि हे पाहा, हा माणूस ठणठणीत बसला हाय, दोन्ही वेळ माह्या हातचं जेवते आणि मीठ कमी पडलं म्हणून भांडते."

घरातल्या सुना आतून फिसकन हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत, पण पाटावर बसल्या. "चहा ठेवा वं," म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल झालं. लग्न करू असं नाही, थांबू एवढंच. निघताना रीतीप्रमाणे त्या करंडा घेऊन आल्या. मला हळदीकुंकू लावलं आणि काकूंपाशी बोट थांबलं. काकूंनी कपाळ पुढे केलं. "हळद लावा. हळद चालते मले." विहीणबाईंनी लावली. किती वर्षांनी काकूंच्या कपाळाला कोणी बोट लावलं असेल, देव जाणे. बसमध्ये हळद पुसली जाऊ नये म्हणून त्या खिडकीच्या वाऱ्याकडून तोंड फिरवून बसल्या होत्या.

बसमध्ये मी सांगून टाकलं. "काकाजी, चिठ्ठ्या तुम्ही लावल्या होत्या. मी काढल्या."

"माहीत हाय. खळ लागलेलं पाकीट मी ओळखतो. बेबीनं दाखवलं होतं."

"मग तिथं स्वतःवर काहून घेतलं?"

 बाहेर बागा मागं पळत होत्या. काकाजी म्हणाले, "काहून काढल्या तू?"

"अशुभ वाटल्या."

"मग वाटणारच. मीच तसं सांगतलं. जी चिठ्ठी काढावीशी वाटते, ती लिहिणाऱ्याची चूक. उद्या बस, दुसरी लिहू."

दुसऱ्या दिवशी बसलो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अकरा कागद फाडले. काकाजींना "डाग" शब्द सोडवत नव्हता, मला ठेववत नव्हता. शेवटी काकूच खळ ढवळता ढवळता म्हणाल्या, "असं लिही वं: आधी कोपराच्या आत दोन दिवस लावून पाहा. खाजलं, तर हिचं आपलं जमत नाही. काढून ठेवा." काकाजी म्हणाले, "डाग राहिला ना." काकू म्हणाल्या, "काढून ठेवल्यावर डाग कुठून येईल?" तीच चिठ्ठी कायम झाली. पुढच्या संक्रांतीला वाणातल्या पाकिटांवर ती तशीच राहू दिली, आणि पहिलं बोलावणं काकूंना केलं. हळदीचं. तेही सासूबाईंनी, स्वतः खाली जाऊन.

बेबीचं कपाळ किती हळू भरलं म्हणून सांगू! रोज सकाळी सासूबाई तिला खिडकीशी बसवून पाहायच्या. आधी कडेनं ठिपके आले, मग ते एकमेकांना भेटले. दसऱ्याला विहीणबाई येऊन गेल्या. बेबीचं कपाळ पाहिलं, दुकानातल्या चिठ्ठ्या एकएक करून वाचल्या आणि चहा घेतला. दोन कप. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. पण एक काळजी उरलीच होती. लग्नात कुंकू लागणार. सासूनंच लावायचं. कपाळ अजून नाजूक, आणि आम्ही मुलीकडचे, "लावू नका" असं कोणत्या तोंडानं सांगणार?

लग्नाला चार दिवस असताना काटोलहून एक माणूस संत्र्यांची पेटी घेऊन आला. पेटीत वरच एक कागदाची पुडी होती. पुडीत कुंकू, आणि पुडीवर भाताच्या शितानं चिकटवलेली चिठ्ठी. पेन्सिलीनं लिहिलेली, अक्षर वाकडंतिकडं, नव्यानं लिहायला शिकल्यासारखं.

"लग्नात हे कुंकू लावणार हाय. बेबीच्या कोपराच्या आत दोन दिवस लावून पाहा. जमलं नाही तर हळद चालते."

मी पुडी घेऊन जिना उतरले, बेबी माझ्या मागं. काकाजींनी चष्मा लावला. एकदा वाचली, पुन्हा वाचली. काकूंच्या हातात दिली, त्यांनीही वाचली आणि पदरानं उगाच काउंटर पुसायला लागल्या.

"अक्षर खराब हाय," काकाजी म्हणाले. "पण चिठ्ठी चांगली हाय. ही काढावीशी वाटत नाही."

मग बेबीकडे वळून म्हणाले, "उभी काहून राहिली वं? बाही वर कर."